उजव्या बाजूचा भोवरा

बायकोचं बोट त्याच्या उजव्या जबड्याखाली गेलं आणि तिथे काहीतरी शोधू लागलं. साबण अजून लावायचा होता. आठवडाभर वाढलेल्या खुंटांवरून ती बोटाची मागची बाजू फिरवत होती, केस कुठून कुठे झोपलेत ते बघत होती, आणि उजव्या जबड्याखाली येताच तिने बोट गोल फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. तिथे गोल असं काहीच नव्हतं, तिथले केस बिचारे शिस्तीत सरळ खाली उतरत होते. "अरे," ती स्वतःशीच म्हणाली, आणि बोट उचलून तिने डावीकडे नेलं. डावीकडे, कानाच्या पाळीच्या बरंच खाली, त्याच्या दाढीचा भोवरा होता, मिसरूड फुटल्यापासून तिथेच होता. तो सापडल्यावर ती म्हणाली, "हं, इथे आहेस होय," आणि तिने ब्रश गरम पाण्यात बुडवला. एवढंच झालं. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं. पण तो विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचं काम करत होता, आणि माणसं तोंडाने काय सांगतात यापेक्षा सांगताना त्यांचे हात आणि डोळे कुठे जातात हे बघण्यात त्याची हयात गेली होती. आग लागली तेव्हा मी शहरात नव्हतोच, असं शपथेवर सांगणारा दुकानदार आत शिरल्या शिरल्या बरोबर त्याच कोपऱ्याकडे बघायचा, जिथून ती सुरू झाली होती. हात सहज म्हणून कुठेतरी जातो तेव्हा त्याला तिकडे जायची सवय असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे बायकोच्या हाताला सवय होती. उजवीकडे भोवरा असलेल्या कुणाच्या तरी दाढीची. 

मनगट मोडलं होतं ते ऑफिसच्या जिन्यावर. नुकत्याच पुसलेल्या पायरीवरून घसरला. लोकांचे घसरल्याचे दावे फेटाळणारा माणूस स्वतःच घसरला, यावर ऑफिसात जेवढे विनोद व्हायचे तेवढे झाले. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. उरला डावा, पण त्याने शर्टाची बटणंसुद्धा धड लागत नव्हती, तिथे दाढीचं काय घेऊन बसलात. आणि त्याची दाढी म्हणजे काही साधीसुधी दाढी नव्हती. गालांवर केस खाली, हनुवटीखाली आडवे, गळ्याच्या घाटीवर खालून वर, आणि डाव्या जबड्याखाली तो भोवरा, जिथे चारी बाजूंचे केस येऊन एकमेकांच्या पाठी लागल्यासारखे गोल फिरत. तिथे रेझर सरळ ओढला की अर्धे केस कापले जायचे आणि उरलेले कातडीतच वळून आत वाढायचे. मग पुटकुळ्या, मग फोड. कॉलेजात असताना एका न्हाव्याने गप्पांच्या नादात त्याच्या गळ्यावर उलटा वस्तरा मारला होता, तेव्हा ऐन उन्हाळ्यात तो गळ्याला मफलर गुंडाळून हिंडला होता. वडील म्हणाले होते, न्हाव्याला कशाला बोल लावतोस, तुझी दाढीच खाष्ट आहे. तेव्हापासून त्याने आपल्या तोंडाला कुणाला हात लावू दिला नाही. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, मग ब्रशने केस उभे राहीपर्यंत साबण, मग सुलटा हात, पुन्हा साबण, मग आडवा, आणि भोवऱ्यावर आतून बाहेर अगदी तोकडे तोकडे हात, मान तिरकी करून, ओठ मुडपून, श्वास धरून. शेवटी थंड पाणी आणि तुरटी. संसारात कुणाचीही मदत न घेता त्याला पूर्णपणे जमत होती ती ही एकच गोष्ट, आणि त्याचा त्याला मनातून बराच अभिमान होता.

आठवड्याने खाज असह्य झाली तेव्हा बायको म्हणाली होती, "आणा इकडे, मी करते." तो नको नको म्हणाला. पलीकडच्या कॉटवर त्याची आई पाय लांब करून वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती, ती म्हणाली, "करू दे रे. आणि अगं, नाक तेवढं सांभाळ त्याचं. तेवढंच एक बरं आहे त्याच्या तोंडावर." मग खिडकीशी खुर्ची आली, गळ्याभोवती टॉवेल आला, आणि त्याने शरण गेल्यासारखी मान मागे टाकली. बायकोने डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्याच्या गालाची कातडी वर ताणली आणि रेझर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला, आणि त्याच्याच वजनाने खाली येऊ दिला. कानाशी बारीक करकर वाजत गेली. तो आवाज कित्येक वर्षं त्याने फक्त आतून ऐकला होता, आपल्या हाताच्या हुकमाने येणारा, आता तो न विचारता येत होता आणि न विचारता थांबत होता. तिच्या मनगटाची नस त्याच्या कानाजवळ उडत होती. गालाच्या मध्यावर येऊन ती म्हणाली, "जीभ लाव गालाला आतून." त्याने लावली. पुढे म्हणाली, "मान वर कर," आणि त्याने ती केलीही, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की लग्नापासून आजपर्यंत जी त्याला अहो-जाहो करत आली, ती आत्ता त्याला 'तू' म्हणाली होती. म्हटल्याचं तिला कळलंही नव्हतं. तिच्या भुवया आवळलेल्या होत्या, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात आलं होतं, आणि ती भोवऱ्यावर तोकडे तोकडे हात मारत होती, आतून बाहेर, थेट त्याच्यासारखे.

"हात बरा बसलाय गं तुझा," आई म्हणाली. "कुठे शिकलीस?" "मखमलीवर, आई," बायको म्हणाली आणि हसली. ती सोफे शिवणाऱ्या दुकानात कामाला होती. मखमलीचा प्रत्येक तुकडा हाताने चोळून त्याची लव कुठल्या दिशेला आहे ते बघायचं आणि मगच कातरी लावायची, नाहीतर एकाच सोफ्याची एक बाजू गडद दिसते आणि एक फिकी, हे तिचं रोजचं काम. म्हणजे बोटाची मागची बाजू फिरवून केसांची दिशा बघण्याचा खुलासा झाला. कातडी ताणण्याचाही झाला. पण बोट आधी उजवीकडे का गेलं, याचा खुलासा होत नव्हता. मखमलीला उजवीकडे भोवरा नसतो, आणि मखमलीला कुणी 'तू' म्हणत नाही. त्याने आरशात पाहिलं. गाल असा गुळगुळीत झाला होता की त्याचा त्यालाही कधी झाला नसता. पुटकुळी नाही, ओरखडा नाही. त्याला ते अजिबात आवडलं नाही. "छान झालीय की," बायको म्हणाली. "ठीक आहे," तो म्हणाला.

पुढचे दिवस त्याने त्या माणसाबरोबर काढले. ऑफिसात टेबलावर कुणाच्या तरी चेपलेल्या गाडीचे फोटो पसरलेले असायचे आणि तो त्या माणसाचा चेहरा तयार करत बसायचा. भोवऱ्यापासून सुरुवात करून त्याने त्याला जबडा दिला, मग हनुवटी दिली, आपल्यापेक्षा रुंद, मग हसू दिलं. हसू दिल्यावर तो माणूस एकदम जिवंत झाला आणि आवरेना. लग्नाआधी बायको दुसऱ्या शहरात मावशीकडे राहून नोकरी करत होती. त्या काळाबद्दल त्याला काय माहीत होतं? मावशीचा कुत्रा चावायचा, एवढं. त्याने कधी विचारलंच नव्हतं. कुत्रा चावायचा हे ऐकून हसलो आणि पुढचं सगळं सोडून दिलं, असा निष्काळजीपणा आपण एखाद्या दाव्यात केला असता तर साहेबांनी घरी बसवलं असतं, असं त्याच्या मनात आलं. कुणीतरी असेल तिथे. आजारी असेल. नाहीतर त्याचाही हात मोडला असेल, आणि आपल्यासारखीच त्याने खिडकीशी खुर्ची मांडली असेल. तिने त्याला जीभ गालाला लावायला सांगितली असेल आणि त्याने मुद्दाम वेडंवाकडं तोंड केलं असेल, ती खळखळून हसली असेल. आपल्यासमोर ती कधी खळखळून हसली होती, हे तो आठवू लागला. एक-दोन प्रसंग आठवले, पण त्यातही ती आईच्या कुठल्यातरी बोलण्यावर हसली होती. शेजारच्या टेबलावरचा, बाराही महिने टाय लावणारा आणि म्हणून सगळे ज्याला टाय म्हणत तो सहकारी म्हणाला, "काय हो, हल्ली दाढी भलतीच तुकतुकीत? कुठलं सलून?" तो म्हणाला, "घरीच." टायने त्याच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि डोळा मारला. "मजा आहे बुवा तुमची," तो म्हणाला. त्या मजेने त्याला जेवण गेलं नाही.

मत्सराचं एक असतं, त्यात माणूस घाणेरड्या जागी बोट घालतो आणि ते बोट काढवत नाही. येता-जाता तो पुरुषांचे गळे बघू लागला. लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत, सिग्नलला शेजारी थांबलेल्या गाडीत, जिथे उजवा जबडा दिसेल तिथे त्याची नजर जायची. लोकांच्या तोंडावर काय काय असतं हे त्याला त्या दिवसांत कळलं. कुणाच्या हनुवटीखाली चार केस कायमचे विसरलेले, कुणाच्या गळ्यावर लाल ठिपक्यांची रांग, कुणी उलटा हात मारून मारून कातडीची चाळण करून घेतलेली. एरवी त्याला त्यांची कीव आली असती. आता तो फक्त भोवरा शोधत होता, आणि तो न दिसला की त्याला चुटपुट लागायची.

दुसऱ्यांदा दाढी करायची वेळ आली तेव्हा तो खुर्चीत जरा लवकरच जाऊन बसला. डोळे मिटल्यासारखे केले, पण फट ठेवली. बायको वाकली, तिच्या अंगाला दुकानातल्या नव्या कापडाचा आणि डिंकाचा वास येत होता. तिचं बोट गालावरून खाली आलं, हनुवटीखालून गेलं, आणि सरळ उजवीकडे जाऊन गोल फिरलं. "अरे, पुन्हा," ती पुटपुटली. मग डावीकडे. म्हणजे पहिल्या वेळचा तो योगायोग नव्हता. पुन्हा ते 'मान वर कर' आलं, पुन्हा ती जिभेचं टोक बाहेर काढून गुंगून गेली, आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही की त्याला ते आवडत होतं. तिच्या श्वासाची ऊब ओल्या गालावर लागून गार होत होती. तिची बोटं त्याच्या ओठांच्या कडेला टेकत होती, नाकाचा शेंडा अलगद उचलत होती. इतकी वर्षं एका घरात काढून ती इतक्या जवळून, इतका वेळ, फक्त त्याच्याकडे बघत अशी कधी उभी राहिली नव्हती. आणि नेमक्या याच सुखावर दुसऱ्याची उष्टी बोटं उमटली होती. तो सुखावत होता आणि जळत होता, आणि दोन्हींतलं एकही त्याला थांबवता येत नव्हतं. रेझर घाटीवरून जात असताना त्याला आवंढा गिळायचा होता, पण त्याने तो धरून ठेवला.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो बायकोच्या दुकानात गेला. निमित्त काहीतरी हवं म्हणून तिची छत्री घेऊन गेला, आकाशात ढगाचा तुकडा नसताना. दुकानात उघड्या स्प्रिंगांचे सोफे आडवे पडले होते. बायको मागच्या टेबलावर हिरव्या कापडावर खडूने खुणा करत होती. तिच्याशेजारी, जिथे तिचा हात संपत होता तिथून ज्याचा हात सुरू होत होता, तो दुकानाचा मास्तर उभा होता. या मास्तरचं नाव घरात रोज निघायचं. मास्तर असं म्हणाले, मास्तरांनी तसं केलं. त्याने त्याला आजवर नीट पाहिलंच नव्हतं. "या या," मास्तर तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाला. "हात कसा आहे? वहिनी रोज सांगतात तुमचं."

"काय सांगतात?" त्याने विचारलं.

"हेच, दुखतंय का, झोप लागते का. बसा ना. चहा सांगतो."

तो बसला, मुद्दाम खालच्या बैठ्या स्टुलावर, म्हणजे मास्तरचा जबडा खालून दिसावा. मास्तर बोलत होता आणि तो त्याच्या गळ्याकडे टक लावून बघत होता. दोन दिवसांचे खुंट होते, निम्मे पांढरे, आणि ते डावीकडून उजवीकडे सगळे पायपुसण्यासारखे सारखे होते. भोवरा नव्हता. भोवऱ्याचा मागमूस नव्हता. मास्तरने गळ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "काही लागलंय का मला इथे?" "नाही नाही," तो म्हणाला आणि चहाने जीभ भाजून घेतली. बायको खडू हातात धरून त्याच्याकडे बघत होती. परत येताना त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट अधिकच बेचैन वाटलं. मास्तर असता तर निदान कुठे बघायचं ते तरी कळलं असतं. आता तो कुणीही होता आणि सगळीकडे होता, आणि छत्री त्याच्या हातातच राहून गेली होती.

तिसऱ्या वेळी सकाळच होती, बायकोला दुकानात लवकर जायचं होतं. गरम टॉवेल काढून ती वाकली. तिचं बोट निघालं, आणि तो त्या बोटाबरोबर मनाने खाली उतरत गेला, गालावरून, हनुवटीखालून, आणि ते उजवीकडे वळलं तेव्हा त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

"तो कोण होता?"

"कोण?"

"ज्याच्या उजवीकडे भोवरा होता तो." त्याचा आवाज त्यालाच ओळखू येत नव्हता. "दर वेळी तुझं बोट आधी तिकडे जातं. कुणाची तरी दाढी करायचीस तू. लग्नाआधी म्हण, नंतर म्हण. मला फक्त सांग. मी काही म्हणणार नाही."

आधी ती हसली. खळखळून हसली, अगदी त्याने त्या दुसऱ्या माणसासाठी कल्पनेत हसवली होती तशी. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू हळूहळू ओसरलं. "म्हणून त्या दिवशी दुकानात आला होतात," ती म्हणाली. "छत्री घेऊन. मास्तरांचा गळा बघायला."

तिने आपलं मनगट सोडवून घेतलं.

"मी आजवर तुमच्याशिवाय कुणाच्या दाढीला हात लावलेला नाही," ती म्हणाली. "नुसती बघितलीय. तुमचीच. आपली ती पहिली खोली होती ना, तिथे तुम्ही खिडकीच्या गजाला आरसा टांगायचात. तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभे आणि मी कॉटवर चहा घेऊन बसलेली. रोज बघायचे मी आरशात. तिथे आलात की ओठ मुडपायचात, मान अशी तिरकी करायचात, आणि रेझर बारीक बारीक फिरवायचात. चहा गार व्हायचा माझा. आरशात तो भोवरा माझ्या डाव्या हाताला असायचा. आता समोर बसवलं की तो उजव्या हाताला येतो. बोट विसरतं आणि जुन्याच जागी जातं. एवढंच आहे ते."

तो काही वेळ तिच्या त्या बोटाकडे बघत राहिला. आता सुटल्यासारखं वाटेल, अशी त्याने वाट पाहिली. पण तपासणीची सवय एवढ्याने कशी सुटणार. "आणि 'तू' कुणाला म्हणतेस?" त्याने विचारलं. "दाढी करताना मला 'तू' म्हणतेस. मान वर कर म्हणतेस."

"म्हणते का?" तिला खरंच ठाऊक नव्हतं. ती थोडी लाजली, आणि त्या वयात तिला लाजताना बघून त्याला कसंसंच झालं. "त्यालाच म्हणत असेन मग. आरशातल्याला. मनातल्या मनात मी त्याला 'तू'च म्हणायचे. कापशील हं, सांभाळ, असं. तो काही वळून बघत नव्हता, मग म्हणायला काय जातंय."

"मला कधी कळलं नाही."

"कसं कळणार? तुम्ही भोवऱ्याकडे बघत होतात."

"मग बंद का केलंस?"

"तुम्हीच सांगितलंत." ती टॉवेलची घडी घालू लागली. "एकदा कापलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, अशी मागे बसून बघत जाऊ नकोस, माझा हात हलतो. मी स्टोव्हकडे जाऊन बसले. आठवत नाही?"

त्याला आठवत नव्हतं. त्याला न्हाव्याचा वस्तरा आठवत होता, वडिलांचं बोलणं आठवत होतं, पण हे नव्हतं आठवत. ती घड्याळाकडे बघून वळली. आतून आईने विचारलं, "झालं का गं?" "आज नाही झालं, आई," बायको म्हणाली, पायात चपला सरकवल्या, पर्स घेतली आणि गेली. दार तिने नेहमीसारखंच हळू लावून घेतलं.

ऑफिसला फोन करून त्याने बरं नसल्याचं सांगितलं. दाढीचे खुंट गरम टॉवेलने नरम पडले होते ते पुन्हा कडक होऊ लागले. तो त्या पहिल्या खोलीतल्या खिडकीपाशी मनाने पुन्हा पुन्हा जाऊन उभा राहिला. गजाला दोरीने बांधलेला आरसा त्याला स्वच्छ आठवत होता, त्याच्या कोपऱ्यातला पारा उडालेला डाग आठवत होता, साबणाची वाटी, आपली तेव्हाची कोवळी हनुवटी, भोवऱ्यातला केस न् केस आठवत होता. त्या आरशात आपल्या खांद्यामागे बघायचा त्याने खूप प्रयत्न केला. तिथे कॉट असणार, कॉटवर कप हातात धरलेली नवी नवरी असणार. पण तिथे काही दिसेना. तिथे त्याने कधी पाहिलंच नव्हतं, तर दिसणार कुठून. रोज सकाळी एक बाई त्याच्या पाठीमागे चहा गार होईपर्यंत त्याच्यात जीव गुंतवून बसत होती, आणि तो केस मोजत होता. त्याला त्या आरशातल्या माणसाचा हेवा वाटू लागला. मघापर्यंतच्या त्या रुंद हनुवटीच्या माणसाचा वाटत होता त्याहून जास्त, कारण त्याला निदान कल्पनेत तरी शिव्या घालता येत होत्या. याने सगळं मिळवलं होतं, काहीही न करता, पाठ फिरवून. वर त्या शहाण्याने तिला हाकलून स्टोव्हकडे पाठवलं होतं. आईने विचारलं, "असा काय बसलायस रे? पोट बिघडलंय?" "नाही," तो म्हणाला. "मग खा काहीतरी," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

बायको संध्याकाळी परत आली तेव्हा तो खिडकीशी खुर्ची मांडून बसला होता. पाणी त्याने डाव्या हाताने तापवलं होतं, गार झालं म्हणून पुन्हा तापवलं होतं. निम्मं ओट्यावर सांडलं होतं. साबण, ब्रश, रेझर, सगळं मांडून ठेवलेलं होतं.

"अजून तसेच?" ती म्हणाली.

"तूच कर."

ती रागावलेली नव्हती. रागावलेली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. दमली होती. तिने पर्स खुंटीला अडकवली, हात धुतले, केस मागे बांधले. टॉवेल पिळून त्याच्या तोंडावर ठेवला आणि थांबली. त्या उबदार अंधारात त्याला तिला खूप काही सांगायचं होतं. मागे बसत जा म्हणायचं होतं, रोज बसत जा, हात हलला तर हलू दे, कापलं तर कापू दे. पण टॉवेलमधून शब्द फुटले नाहीत, आणि टॉवेल निघाला तेव्हा ती वाकलेलीच होती. त्याने डोळे मिटले. उजव्या जबड्याखालची कातडी त्याने नकळत तिच्या दिशेने केली होती. दिवसभर त्याने या एवढ्याशा क्षणाची वाट पाहिली होती. तिच्या बोटाने तिकडे जावं, गोल फिरावं, चुकावं, तिने 'अरे' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. बोट गालावर टेकलं, खाली आलं, हनुवटीखालून गेलं आणि न थांबता, न चाचपडता, थेट डावीकडे जाऊन भोवऱ्याच्या मधोमध थांबलं. तिने ते नीट लक्षात ठेवलं होतं.

"मान वर करा," ती म्हणाली.

त्याने मान वर केली.